पाण्याला नको म्हणणारे न्यायमूर्ती

वसमतच्या छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत बसलो होतो. कंपोझिटर बाहेरून आला आणि म्हणाला, "तुमचे जज्जसाहेब गेले." 'तुमचे' म्हणाला, कारण त्यांच्याशी माझ्याइतकं कुणी भांडलेलं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्यावर बरंच छापून आलं. निःस्पृह, करारी, मराठवाड्याचं भूषण... एकही शब्द खोटा नाही. पण आमच्या वस्तीचं नाव त्यात कुठंच नाही, म्हणून हे लिहितो आहे.

शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस निजामाच्या राज्यात हैदराबादेत उर्दूतून कायदा शिकला, मुन्सिफ झाला आणि पायरी पायरीनं थेट हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जिल्हा न्यायाधीश होते. औंढा-वसमत रस्त्यालगतच्या आमच्या गावात बौद्ध वस्तीतली माणसं माझ्या आज्यापासून गायरान कसत आली होती. नुसता खडकाळ माळ, कुणाला नको होता. मग सिद्धेश्वरचा कालवा शेजारून गेला आणि गावाला एकाएकी आपल्या गुरांची कीव आली. ग्रामपंचायतीनं दावा लावला : गायरान मोकळं करा, जनावरांना चरायला जागा नाही. खालच्या कोर्टात आम्ही हरलो. अपील साहेबांपुढं आलं आणि जागा बघायला ते स्वतः आले. भर उन्हात बांधाबांधानं फिरले. आईनं तांब्या राखेनं घासून लख्ख करून ठेवला होता. तो तिनं पुढं केला. "नको, बाई," म्हणाले, आणि जीपमधून स्वतःचा फिरकीचा तांब्या मागवून तिथंच, तिच्यासमोर घटाघटा प्याले. आई भरला तांब्या हातात घेऊन उभी... घरात आल्यावर एवढंच म्हणाली, "इतकं शिकून बी तसंच हाय की हे."

निकाल मात्र त्यांनी आमच्या बाजूनं दिला. वस्तीत हलगी वाजली. पुढं ते हायकोर्टात गेले आणि गावाचं अपीलही त्यांच्या मागोमाग तिथंच गेलं. आपल्याच निकालावरचं अपील त्यांना ऐकता येणार नव्हतं. ते दुसऱ्या न्यायमूर्तींपुढं चाललं आणि निकाल फिरला. उभ्या ज्वारीतून आम्हाला बाहेर काढलं. मी पत्रक काढलं, 'साहेब, तुमचा निकाल कुठं आहे?' ते पत्रक मी आजही मागे घेत नाही.

निवृत्त होऊन ते वसमतला राहायला आले तेव्हा आम्ही सरकारकडं अर्ज करत होतो. सरकारनं मनावर घेतलं तर गायरान अजूनही आमच्या नावावर होऊ शकत होतं. न्यायमूर्ती जाहीरपणे दोन शब्द बोलले असते तर अर्जाला वजन आलं असतं. मी गेलो आणि तोंडातून भलतंच निघालं.

"साहेब, तवा आमच्या घरचं पाणी काहून घेतलं न्हाई?"

"सरपंचाच्या घरचा चहाही घेतला नव्हता. खटला चालू असताना मी कुणाचंच काही घेत नसे."

"त्यांचा न्हाई घेतला तर त्यांनला वाटलं, साहेब लई कडक हाय. आमचं न्हाई घेतलं तर आमाला वाटलं, साहेब त्यांच्यातलाच हाय. हे बराबर झालं का?"

साहेब म्हणाले, "नाही. बराबर नाही झालं."

थोड्याच दिवसांनी एस.टी.नं एकटेच आमच्या गावी उतरले आणि दारात येऊन म्हणाले, "बाई, पाणी देता का?"

"आता तहान लागली व्हय?" आई म्हणाली. पण दिलं. प्याले, आणखी मागितलं, तेही प्याले. मला वाटलं, हीच वेळ. म्हणालो, "साहेब, आता एकदा बोलाच. गायरान आमचं हाय म्हणून सांगा."

पेला खाली ठेवला. "त्या निकालावर मी बोलणार नाही."

"निकाल तर तुमचाच होता!"

"म्हणूनच."

आई चुलीपुढून उठली. "मंग निस्तं पाणी प्यायाला आले व्हय, साहेब?"

त्यांनी मान खाली घातली. ऊन खाली व्हायच्या आत परत गेले. तीच आमची शेवटची भेट. आमचा अर्ज कुठल्या तरी कचेरीत पडून आहे, आणि गुरांसाठी मागितलेल्या त्या गायरानात आज ऊस उभा आहे.

ते गेल्यावर भेटायला म्हणून त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत खुर्ची नाही, भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक. येईल त्यानं, कुणीही असो, त्याच बाकावर बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. मुलानं तो मोडलेला नाही. बाकावर आमचे सरपंच आधीच बसलेले. मला बघून जरा सरकले. मी शेजारी टेकलो. गुडघ्याला गुडघा लागला.

"लई मोठा माणूस गेला," सरपंच म्हणाले.

"व्हय. सरपंच, गायरानाचं काय करता?"

"अरे, आता ते काढू नको. माणूस गेलंय घरातलं."

"कोर्टात आता काढता येत न्हाई. गावात तुमी काढू देत न्हाई. साहेबांनी तोंड उघडलं न्हाई. मंग कुठं काढू?"

साहेबांचा मुलगा दारात थांबून ऐकत होता. त्यानं मात्र मला गप्प केलं नाही. सरपंच उठले, चपला घालून निघून गेले. मी बाकावर बसून राहिलो.