विलायती बाभळीचा पाला

“बायाहो, भायेर निघा वं! सगळ्याच्या सगळ्या निघा!”

रोवणीच्या बायांची म्होरकी चिखलात एका पायावर उभी राहून ओरडत होती. दुसरा पाय हातात, आणि तळव्यात घुसलेला काटा एवढा की त्यावर मोठ्या काकांचा कोट सहज टांगता आला असता. काका शेताच्या कडेच्या धुऱ्यावर छत्री धरून उभे. भाताच्या रोपांचे पऱ्हे आधीच जास्त वाढलेले. आणखी चार दिवस गेले असते तर लावून उपयोग नव्हता. आणि आमच्या घरचा वर्षभराचा भात याच खाचरातून, या मोठ्या बांधीतून, यायचा.

काटा विलायती बाभळीचा होता. तिला झाड म्हणायचं ते केवळ जनलज्जेस्तव. सावली नाही, खावं असं फळ नाही; भुतानंसुद्धा बिऱ्हाड केलं नसतं. सत्तर सालच्या सुमारास कुणा शहाण्यानं काकांना मोहाडीच्या बाजारात पटवलं, की हिला पाणी लागत नाही, फुकटचं कुंपण होतं. काका पिशवीभर शेंगा घेऊन आले. अहो, हाकेच्या अंतरावर बोडी आणि तलाव असलेल्या मुलखात बिनपाण्याचं झाड हवंय कुणाला? शेळ्यांना मात्र शेंगा गोड लागल्या. त्यांनी त्या खाल्ल्या आणि लेंड्यांवाटे गावभर पेरल्या. पाहता पाहता आमचे धुरे गेले, बोडीची पाळ गेली, स्मशानाची वाट गेली. त्या वाटेनं जावं लागेल या धास्तीनं आमच्या आळीतला एक म्हातारा दोन वर्षं जास्त जगला. खोटं वाटत असेल तर त्याच्या सुनेला विचारा.

एवढ्यावर काका थांबते तर ते काका कसले! रोवणीआधी आमच्याकडे चिखलात करंजाचा पाला तुडवतात, तो कुजून खत होतो. या रोवणीच्या साली काकांनी डोकं लढवलं. करंजासाठी जंगलात बैलबंडी कशाला धाडायची? धुऱ्यावर पाला काय कमी आहे? बाभळीच्या फांद्या तोडून त्यांनी बांधीत तुडवल्या. काटे भिजून मऊ होतात, असं ते दिसेल त्याला सांगत सुटले. पाला आठवड्याभरात कुजला. काटे चिखलाखाली दबा धरून बसले.

“काटाच तं हाय, बाई,” काका धुऱ्यावरून म्हणाले. “साप तं नाही ना?”

“साप असता तं एकीलेच चावला असता, पाटील.”

बाया फिदीफिदी हसल्या. काकांना ते झोंबलं. अलीकडे बायांना फार नखरे सुचून राहिले, असं काहीतरी ते पुटपुटले. म्होरकीनं काटा उपसून धुऱ्यावर ठेवला.

“मंग तुमीच उतरा. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर चालत जा. आमी मागून रोवत येतो.”

आता माघार कशी घेणार? काकांनी जोडे काढले, धोतर खोचलं आणि छत्रीसकट उतरले. जेमतेम बांधीच्या मध्यापर्यंत पोचले असतील. मग त्यांनी अशी किंकाळी फोडली की कारध्याच्या पुलावरची एसटी म्हणे ब्रेक लावून थांबली. चौघांनी त्यांना खाटेवर घालून घरी आणलं. बाया तोवर हातपाय धुऊन निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी काकांनी पायाला हळद बांधून मला म्होरकीकडे पाठवलं. बांधी साफ करून देतो, पण उद्या या, म्हणून सांग म्हणाले. ती अंगणात भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

“उद्या तुमच्या शेजाऱ्याकडं रोवणी हाय,” ती म्हणाली. “परवाबी तेथंच.”