रुमालातली पुळण

कोणत्याही साहेबासमोर बसले की तात्या आधी खिशातला गाठ मारलेला रुमाल काढत, टेबलाच्या काचेवर तो सोडत आणि म्हणत, "ही आमची पुळण. आता बोला."

रुमालात मूठभर वाळू असे. राखाडी, बारीक, मध्येच एखाद्या कणाने लखकन चमकणारी. पंख्याच्या वाऱ्याने ती काचेवर सरसर पसरे. एकदा एक साहेब वैतागले, "तात्या, टेबल पुसायला माणूसही तुम्हीच आणत जा."

"नका पुसू साहेब. ते काम नदी करतेय."

तुमच्याही गावात असा एक माणूस असेल, ज्याला लांबून पाहिल्यावर कचेरीतला शिपाई चहाचा कप उचलून आत नेतो. तात्या तसे होते. मी त्यांच्या गावच्या शाळेत शिकवत असे आणि त्यांच्या शेजारीच राहत असे. ते पंचायतीचे सदस्य. मुरबाडच्या कचेरीत निघाले की कुंपणापलीकडून हाक येई, "बाई, चला! मी बोललो की भांडण वाटतं, तुमी बोललात की विनंती."

विनंती एवढीच होती, की नदीच्या वळणावरच्या वाळूच्या काठाला, या पुळणीला, दगडी बांध घालावा. सिद्धगडाकडून येणारे पाणी तिथे सावकाश होई. पुळण कुणा एकाची नव्हती. गावातल्या बायका तिथे गोधड्या वाळत घालत. कडेच्या वाडीतली माणसे, ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, संध्याकाळी तिथे ऐसपैस बसत. अनवाणी चालले की वरची ऊन वाळू पायाला लागे आणि तिच्याखालची गार ओल हलकेच वर येई. दर पावसाळ्यात हा काठ थोडा थोडा ढासळत होता.

आमच्याकडे गणपती बोळवल्यावर पाट रिकामा घरी आणत नाहीत. काठावरची मूठभर वाळू त्यावर ठेवून आणतात, देवाच्या जागी तिची आरती करतात. तात्यांच्या रुमालात असे ती हीच. त्यांची बायको, आमच्या काकू, कळवळून म्हणत, "अवो, देवाची वाळू कचेरीत सांडता?"

"देव गेला गो, ही मागं राह्यली. नुसती बसून काय करल?"

साहेब बदलत गेले, नकाशे नव्याने निघत गेले. अखेर बांध मंजूर झाला. मात्र गावाने आपला वाटा द्यायचा होता, पैशाचा, श्रमाचा किंवा सामानाचा. देवळात बैठक बसली. पैसा निघेना. वाडीतली माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली, त्यामुळे श्रमाला हात नव्हते.

"सामान देऊ की," मागून कुणीतरी म्हणाले. "वाळू हाय ना आपली."

"नाय दिली तर काम जाईल दुसऱ्या गावाला."

तात्या म्हणाले, "थोडी घ्या. बांध झाला की नदी परत आणून टाकल." आणि पहिला हात त्यांनीच वर केला.

थोडीची मर्यादा कुणी आखली नाही. उन्हाळाभर यंत्र वाळू उचलत राहिले. बांध देखणा झाला. त्याच्या खरबरीत अंगावरून हात फिरवला, तर सिमेंटात तेच कण चमकत होते. वीटभट्टीवरून परतलेली वाडीतली एक म्हातारी तो पाहून म्हणाली, "तात्या, बांध झ्याक झाला. आता यो राखनार काय रे?"

नदीने काही परत आणले नाही. पाणी आता बांधाला घासत धावत होते.

त्या वर्षी विसर्जनाला सारे गाव बांधाच्या पायऱ्यांवर उभे होते. देव गेले. तात्यांनी वाकून पाण्यात हात घातला. बोटांना शेवाळलेला दगड तेवढा लागला. मागे माणसे ओले पाट छातीशी धरून उभी. मग तात्यांनी खिशातला रुमाल काढला, गाठ सोडली आणि गेल्या वर्षीची वाळू चिमूट चिमूट करून एकेका पाटावर ठेवत गेले. पहिली चिमूट वाडीतल्या म्हातारीची. स्वतःच्या पाटाशी आले तेव्हा त्यांनी रुमाल झाडून पाहिला.

त्यानंतर ते मुरबाडला गेले नाहीत. कुंपणापलीकडून हाकही आली नाही. थंडी सरता सरता ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. अंगणातल्या दोरीवर रुमाल धुऊन वाळत घातला होता. वाऱ्यावर तो हलका फडफडत होता, आणि गाठीच्या जागेवरची सुरकुती अजून तशीच होती.