इरम्माचा खालचा रस्ता

उमरग्यातल्या बाळंतपणाच्या एका दवाखान्यात इरम्मा आया आहे. सकाळची पाळी तिच्या गावात पहिली एसटी यायच्या आधीच सुरू होते, म्हणून ती सायकलवर जाते.

सायकल खरं तर मुलीची, अक्षदाची, शाळेतून मिळालेली. अक्षदा नर्सिंग शिकायला सोलापूरला गेली आणि सायकल गोठ्यात कडब्याला टेकून पडून राहिली. इरम्मानं ती बाहेर काढली तेव्हा तिची चाळिशी जवळ आली होती. खळ्यावर पडत-धडपडत ती शिकली. नवरा बंडप्पा मेंढरं वळतो. त्याला हे अजिबात पसंत नव्हतं.

“लोक हसत्यात,” तो म्हणाला.

“हसू द्या की. चालत जाऊन उशीर झाला की डॉक्टरबाई वरडतात. त्यापरीस हसलेलं बरं.”

आठवडाभर लोक हसले, मग त्यांनाही सवय झाली.

गाव आणि उमरगा यांच्या मधून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. तो चौपदरी झाला आणि गावचा रस्ता जिथं त्याला मिळतो तिथं मोठा उड्डाणपूल आला, भोवती चढायचे-उतरायचे चार गोल रस्ते आले. गाड्यांची चांगली सोय झाली. पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी पुलाखाली बोगदा ठेवला होता, पण पाऊस पडला की पुलावरचं, रस्त्यावरचं सगळं पाणी तिथंच उतरायचं. पाणी हटलं तरी गाळ दिवाळीपर्यंत हटायचा नाही. मग इरम्मा इतरांसारखीच वरच्या गोल रस्त्यावरून, ट्रकांच्या कडेकडेनं जायची.

भाद्रपदातल्या एका सकाळी एक टँकर तिला इतका चिकटून गेला की नुसत्या वाऱ्यानंच ती हेलपाटली आणि खडीवर आपटली. डाव्या हाताचं मनगट मोडलं.

“आता बास,” बंडप्पा म्हणाला. “सायकल इकून टाकू.”

“हात बसू द्या आधी,” ती म्हणाली.

हात गळ्यात असतानाच ग्रामसभा भरली. सरपंच मल्हारराव तावातावानं बोलत होते. “दुभाजकाला एक कट मागू. रास्ता रोको केला की आठ दिवसांत देत्यात. सरळ पलीकडं. बोगदा नको आन् पूल नको.” सगळ्यांनी माना हलवल्या. बंडप्पानंही हलवली, कारण त्यालाही मेंढरं पलीकडं न्यायची असत.

इरम्मा बायकांतून उठून उभी राहिली. “कट नको.”

“का बरं?”

“पल्याडच्या एका गावानं असाच कट मागून घेतला. पोटुशी बाई नवऱ्याच्या गाडीवर बसून तिथनं निघाली, ट्रकनं उडवलं. आमच्याच दवाखान्यात आणली. लेकरू वाचलं, ते म्याच पुसून घेतलं. बाई न्हाय वाचली.” ती पुढं म्हणाली, “कट दिला की रस्तेवाल्यांचं काम झालं. मग आपुन मेलो तर आपलीच चूक. खालनंच जायचं. पण कोरडं जायचं. ते मागा.”

घरी आल्यावर बंडप्पा जेवून उठला. हात धुताना म्हणाला, “चारचौघांत माझ्या उलट बोललीस.”

“तुमच्या उलट न्हाय बोलले. कटाच्या उलट बोलले.”

गावानं कोरडा रस्ता मागितला. नुसत्या मागण्यानं काही झालं नसतं. पण त्या पाण्यानं महामार्गाचा भरावही खचायला लागला होता, आणि चौक नव्यानं आखायचा विचार वरच्या कचेरीतही चालला होता. पाहणीला परंड्याकडचा शिवराज नावाचा तरुण इंजिनीयर आला. शाळेत बैठक झाली. बोगद्यात पंप बसवायचा, असा एक पर्याय त्यानं सांगितला.

“आन् लाईट गेली की?” इरम्मानं विचारलं.

“तोच प्रश्न मलाही पडलाय, मावशी,” तो हसून म्हणाला. “म्हणून मला दुसरंच काहीतरी करायचंय. पाणी बोगद्यात येतं, कारण त्याला जायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. गोल रस्त्यांच्या पोटात एवढी जमीन नुसती पडून आहे. ती खोल करू, तिथं तळी होतील. पाणी तिथं थांबेल, मुरेल, जास्तीचं ओढ्याला जाईल. बोगद्याची जमीन उचलून घेऊ. तळ्याच्या काठानं सायकलची वाट, कडेला कडुलिंब, करंज, हिवर अशी झाडं. उन्हाळ्यात सावलीही होईल.”

इरम्माला ते ऐकताऐकताच पटलं. “मग अडलंय कुठं?”

“वरचे साहेब विचारतात, इथं सायकलवर जातंच कोण? मी मोजायला बसलो तर खरंच कुणी दिसत नाही.”

“भ्याल्यावर दिसतील कसे? साहेब कवा येणार हैत तेवढं सांगा.”

मग इरम्मा घराघरांतून फिरली. वाट झाली तर तू सायकलनं जाशील का, एवढंच विचारायची. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायची नाही. मल्हाररावांनी सुचवलं, “शेजारच्या गावची पोरं आणून गर्दी दाखवू.” ती म्हणाली, “उद्या वाट झाली आन् तिथं कुणीच फिरकलं न्हाय तर? जाणारेच येऊ द्या.”

साहेबांच्या पाहणीदिवशी शाळेच्या मुली आल्या, उमरग्यातल्या दुकानांत कामाला जाणारी माणसं आली, दवाखान्यात स्वयंपाक करणारी तुळजाबाई मुलाची सायकल घेऊन आली. खूप नव्हते, पण सगळे खरे होते. साहेब त्यांच्याशी बोलून जीपमध्ये बसले आणि जीप हलेना. समोर मेंढरं होती. बोगद्याच्या तोंडाशी बंडप्पा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याला कुणीच बोलावलं नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला, “मेंढरं बी खालनंच जात्यात. त्यास्नी पानी बी लागतंय. तळं करा तुमी.”

साहेब पुन्हा खाली उतरले. शिवराजचा नकाशा जीपच्या बॉनेटवर उघडला गेला आणि बराच वेळ उघडा राहिला.

काम व्हायला दोन उन्हाळे लागले. पहिल्या पावसाळ्यात एका तळ्याचा काठ ढासळला, तो दगडानं पुन्हा बांधावा लागला. चौथ्या वळणात एका ढाब्यावर येणारे ट्रक उभे राहायचे. ढाब्याच्या मालकानं खूप आरडाओरड केली आणि तो कोपरा तसाच राहिला. पण तीन तळी झाली. गेल्या पावसाळ्यात रात्रभर पाऊस पडला तेव्हा इरम्मा सकाळी बोगद्यापाशी थांबली, चप्पल काढली आणि सायकल हातात धरून अनवाणी पलीकडं गेली. पाय ओले झाले नाहीत. मग चप्पल घालून सायकलवर बसली आणि दवाखान्यात वेळेच्या आधी पोचली.

आता बंडप्पाची मेंढरं खालच्या अंगानं पाणी पिऊन पलीकडं जातात. तळ्यात बगळे उतरतात. कडुलिंब अजून कमरेएवढेच आहेत. रविवारी दुपारी गावातल्या बायका त्या वाटेवर सायकल शिकतात, कारण मागून हॉर्न वाजत नाही. परवा साठीची नागम्मा इरम्माला म्हणाली, “म्या शिकून कुठं जाणार गं, यव्वा?”

“जायचंच असं कुठं हाय? नुसतं फिरून परत या.”

एखादा मोटारसायकलवाला वाटेवर घुसला की इरम्मा सायकल आडवी लावते. “तुमचा रस्ता वर हाय, दादा.” बहुतेक जण वळतात.

परवा शिवराजचा फोन आला, सगळं ठीक आहे ना म्हणून. तिनं तळ्यांचं, बगळ्यांचं सांगितलं. मग म्हणाली, “हिवाळ्यात पाळीला निघते तवा बोगद्यात अंधार असतोय, साहेब. आता दिवे पायजेत. आन् त्या चौथ्या कोपऱ्याचं बी उन्हाळ्यात धरू. ढाबेवाल्याशी म्या बोलते.”

“तुम्ही बोलणार?”

“बोलले बी. चहा पाजला त्यानं. अजून हो म्हणला न्हाय, पर म्हणंल.”