मामा कुठले, हे न विचारता

लातूर जिल्हा झाला तशी गावात साहेबलोकं वाढली आणि पाणी कमी झालं. गुरुपादप्पांच्या डाळमिलमध्ये मात्र सोयऱ्यांचा दुष्काळ कधी पडला नाही. नोकरी मागायला कुणी आलं की आप्पा विचारायचे, "गाव कुठलं? मामा कुठले?" लिंगायतांत तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतंच. नातं निघालं की चहा, चहा झाला की नोकरी. मुनिमापासून चाळणीवाल्यापर्यंत सगळे पाहुणे. आता जावयाच्या चुलत्याला "डाळ नीट चाळा" कोण म्हणणार? व्यापारी पोती परत पाठवू लागले होते.

"ऑफिसात तक्रारी ऐकायला तरी कामाचं माणूस घ्या," शेजारचे बापूसाहेब वकील म्हणाले. "सगळ्यांना सारखेच प्रश्न, तेही कामाचे. जात, लग्न, नातं काढायचं नाही. बाई आली तर पगार गड्याइतकाच. कायदाच आहे तसा."

"मग बोलायचं काय?" आप्पा खरोखरच गोंधळले.

शेवटी परीक्षा ठरली. आप्पांची बायको रत्नम्मा पडद्याआडून चिडलेलं गिऱ्हाईक होणार आणि उमेदवारानं तिला उत्तर द्यायचं. ओरडा सगळ्यांना सारखाच. रत्नम्मा चटकन तयार झाली, कारण उमेदवारांत तिचा भाचा मडिवाळप्पा होता. त्याला डावललं तर आप्पांना घरात जेवायची पंचाईत.

परीक्षेच्या दिवशी जीभ आवरायला आप्पांनी तोंडात पान कोंबलं.

"डाळीत खडे! माझ्या सासऱ्याचा दात गेला!" रत्नम्मा कडाडली.

मडिवाळप्पा हसला. "आत्या, आवाज वळखला की! च्या टाक."

"मी आत्या न्हाई, गिऱ्हाईक हाय!"

"बरं, गिऱ्हाईक आत्या. डाळ म्हटल्यावर खडे निघायचेच."

मग भोकरची विशाखा आली. तोच ओरडा, तोच दात.

"दात गेला म्हणजे वाईटच झालं," ती म्हणाली. "पोत्यावरचा नंबर सांगता का? तो माल आजच थांबवते."

"आता तेवढं दुखत न्हाई," आतून आवाज आला.

नेमकं तेव्हाच आप्पांचं पान संपलं. "लग्न झालंय का?"

"आधीच्यांना विचारलं का हे?"

"न्हाई."

"मग मलाही नका विचारू."

परत आलेल्या पोत्यासारखा आप्पांनी तो प्रश्न गुमान उतरवून घेतला आणि चोरट्या नजरेनं पडद्याकडं बघितलं. रत्नम्माच बाहेर आली.

"अवो, माझ्याकडं काय बघता? मी गिऱ्हाईक हाय, आन् गिऱ्हाईक हिच्याकडंच जाणार. भावाला मी सांगते."

मडिवाळप्पाला आप्पांनी कारण तोंडावर सांगितलं. तो फुगला, पण चहा पिऊन फुगला.

"मालक, कामाची वेळ काय?" विशाखानं विचारलं.

मिलमध्ये हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. ते बंद होतं.

"सांगतो," म्हणत ते घड्याळाची किल्ली शोधायला उठले.