बोर्डापुढे ठणठणीत

'नॉर्मल' या शब्दाची मला चीड आहे. माझ्या मिस्टरांच्या रक्ताचा, हाडांचा, नसांचा, मेंदूचा प्रत्येक रिपोर्ट वर्षानुवर्षं नॉर्मल येतो आहे आणि प्रत्येक डॉक्टर तो हातात असा देतो, जणू काही बक्षीसच देतोय. "काकू, सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका." काळजीचं औषध आम्ही मागितलंच कुठे होतं? ह्यांना सकाळी गादीवरून उठायला माझा खांदा लागतो. ताप येतो आणि जातो, का ते कळत नाही. गुडघे सुजतात, जिन्यात मध्येच बसावं लागतं, बोटांत मुंग्या येऊन चहाचा कप हातातून सुटतो. एका मोठ्या डॉक्टरांनी फी घेऊन झाल्यावर मला हळूच विचारलं, "घरात काही टेन्शन?" मी म्हटलं, "आहे ना. तुमच्याकडे यावं लागतं."

आमचं कुटुंब पुण्यातलं जुनं, मुसलमान. मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं. हे सांगितलं की काही लोकांच्या भुवया अजून वर जातात. जाऊ देत. घरात आम्ही दखनी हिंदी बोलतो, पण भांडायचं झालं की मी मराठीत भांडते, कारण त्या कामाला इतकी सोयीची भाषा मला दुसरी सापडलेली नाही. मिस्टर साताऱ्याकडचे, पायदळातले. आमचं लग्न नवंच होतं तेव्हा कारगिलची लढाई झाली आणि ह्यांची पलटण डोंगरात वर पाठवली गेली. खाली उतरले ते वाळलेले, काळवंडलेले आणि अंगात ताप घेऊनच. तो ताप थंडीने आला, उंचीने आला की बॉम्बगोळ्यांच्या धुराने, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हाच डॉक्टरला का दाखवलं नाही, हे मला इतक्या लोकांनी विचारलंय की आता विचारणाऱ्याला मी आधी बसायला सांगते. फौजेत 'सिक रिपोर्ट' म्हणून एक प्रकार असतो. ज्याला बरं नाही त्याने सकाळी तसं कळवायचं आणि डॉक्टरांच्या रांगेत उभं राहायचं. नियमाने हा प्रत्येकाचा हक्क. प्रत्यक्षात जो वरचेवर सिक रिपोर्ट करतो त्याला पलटणीत कामचोर म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांत आमचे हे सगळ्यांत पुढे असत. शिवाय तब्येतीची श्रेणी असते. सगळ्यांत वरची शेप-वन. ती गेली की बढती अडकली. म्हणून ह्यांनी ताप अंगावर काढला, बाजारातून गोळ्या आणून खाल्ल्या, सुजलेल्या पायांनी धावण्याच्या परीक्षा दिल्या आणि हवालदार झाले. निवृत्त होताना शेवटची तपासणी होते. डॉक्टरांनी विचारलं, "काही तक्रार?" हे म्हणाले, "नो सर." शेप-वनमध्ये गेले आणि शेप-वनमध्येच बाहेर पडले. फार अभिमान होता त्याचा.

त्या अभिमानाने आमचं वाटोळं केलं. घरी आल्यावर काही वर्षांतच शरीराने साथ सोडली. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला, तर त्यासाठी लष्कराच्या मेडिकल बोर्डाने एक वाक्य लिहून द्यावं लागतं, की हा आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला. बस, एक वाक्य. पेन्शनची गरज होती, नाही असं मी म्हणणार नाही. औषधं फुकट येत नाहीत. पण त्याहून मला ते वाक्य हवं होतं. कारण ते नसल्यामुळे हा माणूस सगळ्यांच्या लेखी धडधाकट होता आणि नाटकी होता.

पहिल्या बोर्डाच्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, जसे आहात तसे चला. काठी घ्या. दाढी राहू द्या. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अश्लील बोलले. "बोर्ड है. अफसर के सामने ऐसे जाते क्या?" पहाटेपासून उठून गरम पाण्याने सांधे शेकले, दुखण्याच्या दोन गोळ्या एकदम घेतल्या, दाढी केली, मिश्या माझ्याकडून कातरून घेतल्या, बसल्या बसल्या बुटांना पॉलिश केलं. काठी रिक्षातच ठेवली. इस्पितळाच्या त्या लांब व्हरांड्यातून छाती काढून असे चालत गेले की माझ्या शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "पेशंट कोण, तुम्ही का?"

आत गेले तसे लगेच बाहेर आले. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"कसे आहात म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, ठीक हूँ, सर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, ठीक आहात तर आलात कशाला? हवा खायला?"

हे गोंधळून गेले. "सरांनी विचारलं होतं ना," म्हणाले, आणि व्हरांडा संपल्यावर रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवे झाले. वारज्याला घरी पोचेपर्यंत डोळे उघडले नाहीत. बोर्डाने लिहिलं, आधाराशिवाय चालत आला, प्रकृती समाधानकारक, आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. स्टेथोस्कोप शर्टावरूनच लावला होता म्हणे. आणि खाली पुन्हा तेच, निवृत्तीच्या वेळी शेप-वन. आता सांगा, कुणाला शिव्या घालायच्या? मी सगळ्यांना घातल्या. ह्यांना जरा जास्त.

बोर्डाने नाही म्हटल्यावर तर लोकांना जोरच आला. माझा धाकटा भाऊ कात्रजला राहतो, टायरचं दुकान आहे त्याचं. जेवायला आला की बिर्याणी चेपता चेपता म्हणतो, "आपा, दुल्हाभाईंना काही झालेलं नाही. दुकानावर येऊन बसू देत चार दिवस, सगळं जाईल." मी त्याला एकदा सांगितलं, तू चार दिवस त्या डोंगरावर जाऊन बस, तुझंही बरंच काही जाईल. त्यानंतर तो महिनाभर आला नाही आणि घरात शांतता होती.

आमच्या सोसायटीचं तर विचारूच नका. पंधरा ऑगस्टला ह्यांना पुढे उभं करून झेंडा फडकवायला लावतात, पाठीवर थापा मारतात, मोबाइलवर फोटो काढतात. एका वर्षी दुसऱ्याच दिवशी चेअरमन दारात. "वॉचमन गावी गेलाय. काका घरीच असतात, फौजी माणूस, बसतील का जरा गेटवर?" मी दार लावणार तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला, "बसतो की." आणि बसले. संध्याकाळी त्या चेअरमनच्याच मुलाने आणि मी धरून त्यांना वर आणलं. चेअरमनसाहेबांनी खालून विचारलं, "काय, बीपी का?"

अपिलाचा बोर्ड लागला, तेव्हा वकिलांनी स्पष्ट सांगितलं की ही बहुतेक शेवटची संधी, इथे नाही झालं तर कोर्टाची पायरी, आणि ती चढायची ताकद तुमच्यात दिसत नाही. मी ह्यांची तयारी घ्यायला बसले. पस्तीस-चाळीस पोरांच्या वर्गाकडून मी पाठांतर करून घेतलंय, हा तर एकच विद्यार्थी.

"कसे आहात?"

"ठीक—"

"पुन्हा."

"तबियत ठीक नहीं है, सर."

"कुठे दुखतं?"

"सगळीकडे," असं म्हणून हे हसायचे. मलाही हसू यायचं, पण मी ते दाखवलं नाही. बरेच दिवस हे चाललं. शेवटी शेवटी सगळं न अडखळता म्हणू लागले. मला वाटलं, जमलं.

अपिलाच्या दिवशी पुन्हा तेच सगळं. शेक, गोळ्या, दाढी, बूट. पांढरा शर्ट ह्यांना मी घातला, बटणं मी लावली. ती बरीच वर्षं मीच लावते, कारण ह्यांच्या बोटांना बटण लागत नाही. बाहेर हे कुणाला माहीत नाही. ह्यांनी मला शपथ घातली होती.

इस्पितळात आम्हाला सकाळपासून बसवून ठेवलं. दुपारपर्यंत गोळ्यांचा असर उतरला. हे बाकावर कलंडले, चेहरा राखेसारखा झाला, आणि मी, अल्लाह मला माफ करो, मनात म्हटलं, छान, आता असेच आत जा. पण नाव पुकारल्याबरोबर स्प्रिंग सोडल्यासारखे ताठ झाले. मी बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि आत गेले.

दाराला नुसता पडदा होता. मी त्याला लागून उभी राहिले. आत खुर्च्यांचा आवाज झाला, मग जड, सवयीचा आवाज आला. "हाँ, हवलदार साहब, कैसे हैं?"

मी पडद्याबाहेर ओठ हलवत होते. तबियत ठीक नहीं है, सर. तबियत ठीक नहीं है, सर.

"ठीक हूँ, सर!"

मी पडदा सारून आत गेले. टेबलामागे तिघं होते. मध्ये कर्नल, एका बाजूला एक वयस्क डॉक्टर, दुसऱ्या बाजूला तरुण डॉक्टरबाई. हे समोर सावधानमध्ये उभे. कर्नल म्हणाले, "मॅडम, आप बाहर बैठिए."

"बसते," मी म्हटलं. "तुम्ही ह्यांना फक्त शर्ट काढायला सांगा. मग मी बाहेर बसते, गेटबाहेर बसते, म्हणाल तिथे बसते."

ह्यांनी मान वळवली. मी काय करते आहे हे त्या खोलीत फक्त त्यांना कळलं. अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे आयुष्यात पाहिलं नव्हतं. कर्नल वैतागले होते, वाद घालण्यापेक्षा उरकलेलं बरं, असा हिशेब त्यांनी केला असावा. कागदावरून नजर न काढता म्हणाले, "शर्ट उतारिए."

हुकूम होता. हुकूम आल्यावर हे मागे हटत नाहीत. हात वर गेले, गळ्याच्या बटणाशी आले आणि तिथेच थांबले. बोटं बटणावर फिरत राहिली, पण पकडत नव्हती. मग तळहाताने ढकलून पाहिलं. मग दोन्ही मनगटांनी. बटण होतं तिथेच. कपाळावरून घाम निघाला आणि पांढऱ्या कॉलरवर पडायला लागला. डॉक्टरबाई मदतीला उठल्या, तर हे एक पाऊल मागे सरकले. "नो मॅडम. हो जाएगा."

"होणार नाही," मी मोठ्याने म्हटलं. "रोज मी लावते, रोज मी काढते." आणि मी माझे हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. ते पुढे जायला बघत होते, हे मी कुणाला सांगत बसले नाही.

कर्नलनी कागद खाली ठेवला. म्हणाले, "रहने दीजिए." पण हे थांबेनात. दिलेलं काम अर्धवट टाकायची सवय नाही ना. ओढत राहिले, खेचत राहिले, शेवटी गळ्याजवळ कापड टरकलं. तेव्हा कर्नल टेबलाला वळसा घालून आले आणि ह्यांचे दोन्ही हात हातात धरून म्हणाले, "बस, साहब. बस." त्या इमारतीत मला माणसाचा आवाज पहिल्यांदा तेव्हा ऐकू आला. त्यानंतर मात्र ह्यांना नीट तपासलं. बराच वेळ, पलंगावर झोपवून.

काही महिन्यांनी निकाल आला. आजाराचं कारण अज्ञात, पण सेवेमुळे वाढलेला. अपंगत्व मान्य. भावाने फोन करून मिठाई मागितली, वर म्हणाला, मी आधीपासून म्हणत होतो. सोसायटीला सत्कार करायचा होता. मी चेअरमनना म्हटलं, नवा वॉचमन ठेवा, तोच सत्कार समजू.

मी ते वाक्य ह्यांना वाचून दाखवलं. दोनदा. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. न वळता म्हणाले, "पलटणीत कुणी माझं असं केलं नसतं."

"पलटणीने काही केलं नाही म्हणूनच मला करावं लागलं," मी म्हटलं. मराठीत.

मला त्या दिवसाचा पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पडदा सारून आत जाईन. राग आहे तो ह्याचा, की डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्यांना दाखवायला मला माझाच माणूस त्यांच्यापुढे उघडा पाडावा लागला. आणि त्याची किंमत त्या लोकांनी मोजली नाही, मी मोजली. इतकी वर्षं दुखणं कुठे आहे, आज खांद्यात की पाठीत, ताप चढतोय की उतरतोय, हे जगात फक्त मला सांगत. डॉक्टरांना नाही, स्वतःच्या भावांना नाही, मला. बोर्डापासून ते बंद झालं. पेन्शन दर महिन्याला जमा होते, आणि मी सकाळी चहा घेऊन त्यांच्यासमोर बसते, चेहरा बघते, आणि आज कुठे दुखत असेल याचा अंदाज करते.