खिडकीबाहेरचं वाचन

चाळीस वर्षं रिपोर्टर होतो. जे छापलं ते दुसऱ्या दिवशी भज्यांखाली गेलं. जे छापलं नाही ते डोक्यात साठत गेलं, आणि चार मित्र जमले की आपोआप बाहेर पडतं. पिंपरीच्या कारखान्याचे हे किस्से त्यातलेच. पन्नासच्या दशकातले. तेव्हा पिंपरी म्हणजे थोडी वस्ती, बाकी ज्वारीची शेतं आणि मधोमध नवाकोरा कारखाना!

मी पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर, चिंचवडला राहायचो. सायकलवर हिंडायचो आणि भांडण दिसलं की उतरायचो.

* * *

कारखान्याच्या कॉलनीत अधिकाऱ्यांचा क्लब होता. तिथे इंग्रजी पुस्तकांचं कपाट. काही कामगारांनी पुस्तकं मागितली, तर लेबर ऑफिसर साठेसाहेब म्हणाले, "पुस्तकं खराब होतील."

माझं टाळकं सरकलं. त्यांच्या टेबलासमोर जाऊन म्हणालो, "साहेब, कामगारांनी वाचायचं नाही असं लेखी द्या. उद्या पहिल्या पानावर छापतो."

साहेब घाबरले, पण हुशार. त्यांनी लेखी दिलं ते असं : 'वाचनास हरकत नाही. मात्र क्लबचे पुस्तक क्लबबाहेर नेऊ नये व कामगारांनी क्लबच्या आत येऊ नये.'

आता वाचा!

तोडगा काढला साहेबांच्याच मुलीनं. नलिनी. बावीस वर्षांची, नुकतीच बी.ए. झालेली. क्लबला अंगणाच्या बाजूनं एक मोठी, गजांशिवायची खिडकी होती, चौकट जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच. दर रविवारी सकाळी नलिनी आतून खिडकीशी बसायची आणि एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचून मराठीत सांगायची. पुस्तक आत, कामगार बाहेर. ऑर्डर शंभर टक्के पाळलेली!

* * *

कादंबरी जुनी, नावाजलेली. गरीब शाळामास्तरची मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला बडा जमीनदार. लग्न होणार की दर्जा आडवा येणार, एवढाच प्रश्न, पण साडेचारशे पानं.

पहिल्याच रविवारी बॉयलरवाल्या सखारामनं हात वर केला. "ताई, हा जमीनदार कामाला कुठंय?"

"कुठेच नाही. शिकार करतो, पत्रं लिहितो."

"म्हंजे कायम रजेवर. आन् खातो काय?"

"कुळं जमीन कसतात, त्याचा खंड येतो."

सखाराम मागं वळून म्हणाला, "राव, ह्यांच्याकडं कूळकायदा धाडा कुणीतरी. पोरीचं लगीन चुटकीसरशी जमतंय!"

* * *

अंगणात सगळ्यात पुढे, खिडकीला नाक लावून बसायचा ज्ञानोबा. मेंटेनन्सचा सुतार. निघोज्याच्या शेतकरी घरातला, मॅट्रिक झालेला, इंडस्ट्रियल स्कूलमधून काम शिकलेला. नलिनीला सगळे 'ताई' म्हणत. ज्ञानोबा काहीच म्हणत नसे. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले, आणि मी स्वतःला रिपोर्टर म्हणवत होतो!

एका रविवारी त्याची आई गोदाबाई वांग्यांची पाटी घेऊन आल्या होत्या, त्याही ऐकायला बसल्या. कादंबरीत नाच आला. जमीनदार मुलीचा हात धरून सगळ्या गावासमोर नाचतो.

गोदाबाईंनी विचारलं, "आईबापाच्या म्होरं?"

"हो."

"हात धरून?"

"हो, आजी."

"मंग लगीन लागलंच की! म्होरं काय वाचतीस?"

नलिनी इतकी हसली की ओळ हरवली. ज्ञानोबा हळूच म्हणाला, "उजवं पान, वरून सहावी ओळ."

नलिनीनं बोट ठेवलं. बरोबर! समोर बसून बसून हा माणूस उलटं इंग्रजी वाचायला शिकला होता.

* * *

अधिकाऱ्यांच्या बायकांनी तक्रार केली की रविवारी खिडकीतून फार हसण्याचा आवाज येतो. साठेसाहेबांनी हुकूम सोडला : 'सदर खिडकी नीट बंद होत नाही. दुरुस्त करून बंद करावी.' जॉब कार्ड फिरत फिरत मेंटेनन्सला गेलं, म्हणजे ज्ञानोबाकडे.

ज्ञानोबानं खिडकीची दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट काढली आणि वर्कशॉपला नेली.

आठवड्यानं साहेबांनी विचारलं, "दारं कुठे आहेत?"

"साहेब, सागवान हाय. वाळाया ठेवलंय. घाई केली तर वाकडं हुतंय."

ते सागवान चार महिने वाळलं!

* * *

मग क्लबचा वार्षिक समारंभ. साठेसाहेबांनी त्याच कादंबरीवर भाषण ठोकलं. "प्रेमापुढे दर्जा कसला? माणसाची किंमत त्याच्या मनावरून करावी, हुद्द्यावरून नव्हे!" टाळ्या. मी शब्दन्‌शब्द उतरवून साहेबांच्या नावानिशी छापला. साहेबांनी कात्रण फ्रेम करून ऑफिसात लावलं.

आठवड्यानं त्याच फ्रेमखाली ज्ञानोबा आणि नलिनी उभे राहिले. ज्ञानोबानं मलाही नेलं होतं. म्हणाला, "भाऊ, तुम्ही नुसतं हजर राहा."

नलिनी म्हणाली, "बाबा, आम्हाला लग्न करायचंय."

साहेबांचा चेहरा उतरला. "सुताराशी? अरे, तुझा दर्जा काय? क्वार्टर कुठल्या टाइपचं?"

"शेवटच्या."

"इंग्रजी तरी येतं का?"

"येतं, साहेब. उलटं."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. "साहेब, ही फ्रेम."

"ती कादंबरी आहे हो!" साहेब ओरडले.

आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. दर्जा हा सभ्य शब्द झाला. त्याच्या पोटात जात होती हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. इंग्लंडातल्या मास्तरच्या मुलीसाठी हे गृहस्थ भर सभेत डोळे पुसत होते, आणि स्वतःच्या मुलीला म्हणाले, "येत्या रविवारी मुंबईचे इंजिनियर तुला बघायला क्लबवर येतील. वाचन बंद."

कादंबरीची वीस पानं राहिली होती. पुस्तक कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात.

* * *

रविवार उजाडला. वाचन बंद झाल्याचं कामगारांना कुणी कळवलंच नाही. निदान सगळे तसंच सांगत होते. अंगण भरलं. गोदाबाई बैलगाडी जुंपवून आल्या होत्या. ज्ञानोबा नेहमीच्या जागी, नवा सदरा घालून.

आत मुंबईचे इंजिनियर, त्यांचे आईवडील, कपबशा. बिनदारांच्या खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं.

सखारामनं बाहेरून हाक मारली, "ताई, शेवट ऱ्हायलाय! लगीन झालं का न्हाई तिचं?"

नलिनी पोह्यांची बशी ठेवून उठली आणि खिडकीशी आली. साठेसाहेब ताडकन उभे राहिले. "नलू, मागे हो! क्लबचे काही नियम आहेत!"

"वाचलेत मी, बाबा. पुस्तक बाहेर न्यायचं नाही." तिनं दोन्ही रिकामे हात दाखवले. "कामगारांनी आत यायचं नाही. एकजणही आलेला नाही." मग तिनं साडीच्या निऱ्या सावरल्या. "वाचणारीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही."

आणि ती गुडघाभर उंच चौकट ओलांडून अंगणात उतरली.

गोदाबाईंनी पुढे होऊन तिचा हात घेतला आणि ज्ञानोबाच्या हातात दिला. सगळ्या कारखान्यासमोर. आईबापाच्या म्होरं.

सोमवारी सकाळी खिडकीची दारं बसली. केसभरही वाकडी नव्हती. जॉब कार्डावर ज्ञानोबानं सही केली आणि वर लिहिलं : 'काम पूर्ण.'