बोरिंगच्या पाण्यावरचा संशय

डॉक्टरीणबाईंनी काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आतली लघवी माझी. ती तापली आणि वरचा भाग ताकासारखा पांढुरका झाला. मग त्यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "पस सेल्स भरपूर आहेत. युरिन इन्फेक्शन आहे." पस सेल्स म्हणजे पुवाच्या पेशी. लघवीच्या वाटेत जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला शरीर त्या पाठवतं.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की बाटली बदलली असणार. बाकावर खोकल्याच्या औषधाच्या सारख्याच धुतलेल्या बाटल्या ओळीनं होत्या आणि कंपाउंडर गप्पा मारत चिठ्ठ्या चिकटवत होता. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दुसरी स्वच्छ बाटली दिली, सुरुवातीची धार सोडून मधली धरायला सांगितली आणि माझ्यासमोर पुन्हा तपासलं. उत्तर तेच निघालं.

मी तेव्हा भामरागडच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका होते. नवरा जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार. मला पाचवा महिना होता. त्याआधीचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. ते का गेलं, हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी दिसेल त्यावर संशय घेत होते.

सगळ्यात जास्त संशय शाळेच्या आवारातल्या बोरिंगवर. त्या हातपंपाचं पाणी तांबूस यायचं, त्याचा चहा काळपट व्हायचा, पाणी भरायच्या गुंडाच्या काठावर गंजासारखा थर चढायचा. याच पाण्यानं माझं लेकरू खाल्लं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. सकाळी अर्धा कप चहा आणि रात्री घरी उकळलेलं पेलाभर पाणी, एवढंच पोटात जायचं.

दुसरंही कारण होतं. शाळेला संडास नव्हता. गावच्या बाया उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर नाल्याकडे जायच्या. मधल्या वेळात जाणं म्हणजे दवंडीच. शाळेमागे मोकळं मैदान, पलीकडे लाकडाचा डेपो, तिथे दिवसभर पुरुष माणसं. मास्तरीणबाई झुडपाआड गेल्या, ही बातमी मला नको होती. प्यायचंच नाही म्हणजे प्रश्नच मिटला. कोणी पाणी पुढे केलं की म्हणायचं, तहान नाही. सासूबाई तर कौतुकानं सांगत, "आमची सुशीला दिवसभर पाण्याले हात नाई लावत."

जळजळ सुरू झाली तेव्हा त्याच म्हणाल्या, "उन्हाळी लागली तुले. धन्याचं पाणी पे, पोटावर पळसाची फुलं बांध." मी दोन्ही केलं. तरी थेंबथेंब होई, वास येई, वर्गात उभं राहवत नसे. ऐन आषाढात उन्हाळी कशी लागेल, असा मला संशय आला, म्हणून तर मी सरकारी दवाखाना गाठला होता. माझा स्वभाव अगदीच वाया गेलेला नाही!

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. "सगळ्या संपवा. पाणी भरपूर प्या. लघवी तुंबवू नका." मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई नागपूरच्या, नळाचं पाणी प्यायलेल्या. यांना आमचं बोरिंग काय माहीत?

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी लघवी गडद तपकिरी झाली. त्या काळी आमच्याकडे सरकारी गोळीबद्दल बाया कुजबुजत, की ती पोर होऊ नये म्हणून असते. डॉक्टरीणबाई माझं उरलंसुरलं काढायला निघाल्या की काय? एवढ्यात जळजळही थांबली होती. मी गोळ्या डब्यात टाकल्या आणि झाकण घट्ट लावलं.

मग पावसाची झड लागली, नाले भरले, रस्ता बंद झाला आणि मला हुडहुडी भरली. दात वाजत होते, अंगावर घोंगड्या टाकूनही थंडी जाईना. आमच्या भागात थंडी वाजून ताप आला की दुसरा विचारच कोणी करत नाही. मलेरियाचा कर्मचारी गावातच होता. त्यानं बोट टोचून काचपट्टी घेतली आणि क्लोरोक्विन दिलं. "बाई, इथी थंडी वाजली का हिवतापच असते," तो म्हणाला.

पण ताप उतरेना. उजव्या कुशीत, पाठीकडून, कोणी पहार खुपसावी तसं दुखत होतं. मळमळ, उलट्या. हिवतापानं कूस एका बाजूनं का दुखेल, असा मला संशय आला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोटातली हालचाल कळेनाशी झाली. मी नवऱ्याला डबा दाखवला.

"काऊन बंद केल्या गोळ्या?" एवढंच त्यानं विचारलं. मग नाल्याचं पाणी ओसरताच खात्याची जीप आणली.

डॉक्टरीणबाईंनी पाठीवर बरगडीखाली हलकेच मूठ मारली आणि मी ओरडले. "पायलोनेफ्रायटिस," त्या म्हणाल्या. म्हणजे जंतू मूत्राशयातून चढत किडनीपर्यंत गेले. गरोदरपणात वाट ढिली पडते, म्हणून ते लवकर चढतात. मला सलाइन लावलं, इंजेक्शनं सुरू झाली. मग त्यांनी लाकडी नळकांडं पोटावर टेकवून त्याला कान लावला. जागा बदलली. परत बदलली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना आणि मला वाटलं, आता खोटं बोलतील.

"ठोके आहेत. चांगले आहेत."

माझा विश्वास बसेना. मी नवऱ्याला कान लावायला लावला. तो बराच वेळ वाकून राहिला आणि उठला तेव्हा रडत होता. मग मीही रडले.

ताप उतरल्यावर मी डॉक्टरीणबाईंची उलटतपासणी घेतली. रंग? "गोळीचाच. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं." बोरिंग? "पाण्यात लोखंड आहे. रंग वाईट, चव वाईट, पण हा आजार त्यानं होत नाही. न पिण्यानं आणि तुंबवण्यानं जंतूंना मुक्काम मिळतो. बायकांची लघवीची नळी आखूड, मागच्या जागेचे जंतू सहज पोचतात. म्हणून धुताना पुढून मागे. आणि दिवस गेले की लघवी तपासायचीच, त्रास नसला तरी."

शेवटी विचारलं, "माझं पहिलं यानंच गेलं का?"

"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुमची लघवी कोणी तपासलीच नाही." त्या उत्तरावर मात्र मी विश्वास ठेवला. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दिवस भरून मुलगी झाली. ती रांगायला लागायच्या आत शाळेमागे लघवीला जायला बांबूच्या ताट्यांचा आडोसा उभा राहिला. बांबू कुठून आले ते विचारू नका, नवरा नाकेदार आहे.

आता मधल्या सुट्टीत मी बोरिंगपाशी उभी असते. लाजाळू पोरी लांबूनच सांगतात, "बाई, तहान नाई लागली." मी पंपाचा दांडा हाणते आणि ओंजळ पुढे करायला सांगते. त्यांच्यासमोर आधी मी पिते. बाकी माझा संशय बराच कमी झालाय, पण त्या एका वाक्यावर माझा अजून काडीचा विश्वास नाही.